टाचेचा ठोका

“पाय नोको वाजवू वं चारू. मंग पाय!”

सासूबाई सायकलरिक्षात चढता चढता हे म्हणाल्या आणि मी फाटकाशी उभी राहून हसले. रिक्षा कोपऱ्यावर वळली तरी त्यांचं बोट बाहेरच होतं, माझ्याकडे रोखलेलं. मी मनात म्हटलं, झालं. गिटारीवर बोलून झालं, आता पायावर आल्या.

बसल्या जागी पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते, असं माझ्या साताऱ्याच्या माहेरीही म्हणत. आणि गेल्या हिवाळ्यात माझा पाय तर सारखाच हलत होता. मी गिटार शिकत होते आणि ताल काही केल्या मला सापडत नव्हता.

गेल्या वर्षी आणीबाणी उठली, तेव्हा आम्ही नंदनवन नावाच्या नव्या वस्तीत राहायला आलो. दोन खोल्या, मागे मोकळे प्लॉट, त्यांत कमरेएवढं गाजरगवत. विश्वनाथ सायकलवर ऑफिसला गेले की घरात मी आणि रेणू. रेणू आमची मुलगी, त्या हिवाळ्यात वर्षाची होत आलेली. गिटार घरात आली ती विश्वनाथच्या एका मित्रामुळे. त्याची भिलाईला बदली झाली, तो जाताना ती आमच्याकडे ठेवून गेला आणि न्यायला आलाच नाही. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची ती गिटार. कितीतरी दिवस मी ती नुसती पुसून ठेवत होते. मग विश्वनाथच म्हणाले, “पुसतेस कशाला नुसती? शीक की.”

रेणू फार शांत बाळ होती. सगळे तसंच म्हणायचे. समोरच्या इंदुताई म्हणायच्या, “पोरगी आहे का देव्हाऱ्यातली मूर्ती?” दिवाळीत आमच्या अंगणातच कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. माझ्या हातून दुधाची वाटी पडली. रेणू मांडीवर झोपली होती, तिची पापणीसुद्धा हलली नाही. सगळे हसले, म्हणाले, आईपेक्षा लेक धीट. मी हसले नाही. हिला ऐकू येतं ना, असा एक बारीक काटा त्या दिवशी माझ्या आत शिरला. मी तो कुणाला दाखवला नाही. रात्री विश्वनाथ झोपल्यावर तिच्या कानाशी बोटं चोळून बघायचे. तिनं मान वळवली की माझा जीव भांड्यात पडायचा. माझा श्वास तिच्या गालाला लागत होता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आणि मग गिटारीनंच मला उत्तर दिलं. निदान मला तसं वाटलं.

शिकवायला वसंतसर यायचे. गांधीबागेत आपल्या मामांच्या कापडाच्या दुकानात ते बसत, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवत. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की सायकल मारत नंदनवनात येत. खुर्चीवर बसत, मी दिवाणाच्या कडेला. पहिल्याच दिवशी म्हणाले, “वहिनी, सूर तुम्हाला सापडून राहिला. ताल कुठं गेला? बंडी निघाली पुढं, बैल अजून कोठ्यातच.”

“मी मोजतेय ना सर मनात.”

“मनातलं मन तुम्हालाच फसवते. तोंडानं मोजा. एक दोन तीन, चार पाच सहा. एकवर टाच.”

मी तोंडानं मोजू लागले की कांडी चुके, कांडीकडे बघितलं की मोजणं चुके. सगळ्यात वाईट म्हणजे, सुरावटीत एखादी गोड जागा आली की मी धावत सुटायचे. वसंतसर डोळे मिटून, कपाळाला आठी घालून बसायचे. “गोड लागलं म्हणून घाईनं गिळायचं नसते नं वहिनी! थांबा तिथं. चार पाच सहा बाकी आहे अजून.” एकदा तर म्हणाले, “हात चुकला तं चालते. पब्लिकला समजत नाही. पाय चुकला तं प्रोग्राम संपला.”

म्हणून मी टाच धरली. आमचा दिवाण म्हणजे सागवानी फळ्यांची पेटी. हिवाळ्यात आतल्या रजया बाहेर निघालेल्या, पेटी रिकामी. कडेला बसून लोंबता पाय मागे नेला की टाच पुढच्या फळीवर बसे आणि आतून ढोलासारखा आवाज येई. ढप्. दोन तीन, चार पाच सहा. ढप्. त्या ढपवर मी हळूहळू उभी राहायला शिकले. आधी ठोका मिळायचा आणि लगेच निसटायचा. मग दोन ओळी टिकू लागला. मग कळलं की ठोक्याच्या मागे धावायचं नसतं, तो आपल्या वेळेला येतोच, आपण फक्त त्याच्या आधी पोचायचं नसतं.

रेणू माझ्या पाठीमागे, भिंतीशी उशा लावून बसलेली असायची. एका दुपारी वसंतसर एकदम म्हणाले, “वहिनी, मागं पाहा. थांबू नका, वाजवत राहा.”

मी मान वळवली. रेणू तळहातानं दिवाण बडवत होती. मी थांबले तशी ती थांबली. मी पुन्हा ढप् केलं, तिचा हात पुन्हा पडला. माझ्या घाईसरशी तीही घाईला आली.

“पक्की आहे पोरगी,” वसंतसर म्हणाले. “तुमच्या आधी हिला स्टेजवर नेतो मी.”

ते गेल्यावर मी रेणूला उचलून घेतलं आणि रडले. मूल पाठीमागे बसलेलं, माझा पाय त्याला दिसत नाही, तोंड दिसत नाही, आणि ते ठोक्याला हात मारतं. मग ऐकू येत नाही असं कसं होईल? मी बी.एस्सी. झालेली. पुरावा म्हणजे काय ते मला समजत होतं. हा पुरावा होता.

संध्याकाळी विश्वनाथना दाखवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी अख्ख्या ऑफिसला सांगितलं. मग आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे तो प्रयोग व्हायचा. चहा झाला की विश्वनाथ म्हणत, “चारू, जरा वाजव. आमच्या रेणूचा ताल बघा.” मी वाजवायचे, रेणू बडवायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे. टाळ्यांकडे रेणू बघत नसे. मी त्याची नोंद घ्यायचे आणि लगेच पुसून टाकायचे.

सासूबाई इतवारीत, जुन्या बाजारपेठेत, मोठ्या दिरांकडे राहतात. यमुताई म्हणून सगळी गल्ली त्यांना ओळखते. संक्रांतीच्या आधी त्या आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “बीएस्सी केलं न् पायानं दिवाण बडवून राहिली. थे तुणतुणं ठेव खाली, दूध उतू चाललं.”

“आई, ते तुणतुणं नाही. गिटार आहे.”

“मंग गिटार उतू चालली म्हण. दूध तं गेलंच.”

विश्वनाथनी मोठ्या कौतुकानं रेणूचा ताल त्यांना दाखवला. त्या हसल्या नाहीत. नातीच्या हाताकडे बघायचं सोडून दिवाणाकडेच बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या हातून परात पडली. फरशीवर गोल गोल फिरत ती कितीतरी वेळ वाजत राहिली. रेणू बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ठोकळा चोखत बसली होती. चोखतच राहिली. मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. परात खरंच पडली की पाडली, ते मी विचारलं नाही. म्हणाले, “लागलं नाही ना आई?” त्या म्हणाल्या, “मले काय लागते.”

आणि जाताना रिक्षात चढता चढता ते पायाचं.

त्यानंतर मी जास्तच वाजवू लागले. तालासाठी वाजवत होते असं म्हणवत नाही. दुपारी रेणू जेवली की तिला उशांशी बसवायचं, टाच मारायची आणि कान मागे लावायचे. तिचा हात पडला की मला श्वास यायचा. एखादे दिवशी ती बडवायची नाही, बाहुलीत गुंग असायची. मग मी जोरात टाच मारायचे. टाचेला भेग पडली, त्यातून रक्त येऊ लागलं. विश्वनाथ म्हणाले, “अगं, स्पर्धा आहे का कसली?”

“सरांनी सांगितलंय,” मी म्हटलं.

सरांनी उलटंच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “आता पाय सोडा वहिनी. पाय म्हणजे पांगुळगाडा. जन्मभर धरून चालायचं काय? ठोका आत गेला पाहिजे.”

“आज नको सर. पुढच्या वेळी.”

“कित्येक वेळा पुढच्या वेळी होऊन राहिलं. आणा इकडं गिटार. मी वाजवतो, तुम्ही नुसतं ऐका. पाय हलवायचा नाही.”

त्यांनी खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घेतली आणि तीच सुरावट वाजवायला सुरुवात केली. त्यांचा ताल म्हणजे रुळावरचा. बुटाची टाच फरशीवर पडत होती, टक्, टक्, अगदी स्वच्छ. मी कडेला पाय दाबून बसले होते. पाठीमागे काहीच वाजेना.

मी वळून बघितलं. रेणू उशीचा अभ्रा ओढत होती.

“थांबू नका सर.”

ते वाजवत राहिले. टक्. टक्. रेणूचा हात अभ्र्यावरच. मी नकळत टाच मागे नेली आणि फळीवर मारली. ढप्. रेणूनं अभ्रा सोडला आणि दिवाणावर हात मारला.

वसंतसर थांबले. “काय झालं?”

“काही नाही. पुन्हा वाजवा. अगदी पहिल्यापासून.”

“वहिनी, लेकराचा मूड...”

“वाजवा ना सर.”

ते वाजवू लागले आणि मी पाय वर घेऊन मांडी घालून बसले. तेवढ्यात सासूबाईंचं ते बोट मला दिसलं, रिक्षातून बाहेर आलेलं. पाय नोको वाजवू. मंग पाय. इकडे ‘पाहा’ला ‘पाय’ म्हणतात. मला माहीत होतं. भाजीवाली रोज म्हणायची, “पाय ना बाई, कशी ताजी आहे.” पण बोलणं पायाचं चाललेलं, म्हणून मी दोन्ही वेळा पायच ऐकला होता. लक्ष्मीची, रीतीभातीची, सुनेच्या पायाची गोष्ट म्हणून. त्या मला एवढंच सांगत होत्या की पाय वाजवू नकोस आणि मग बघ.

मी सरांच्या हातून गिटार घेतली. दिवाणावरच रेणूकडे वळून मांडी घातली, दोन्ही पाय खाली दुमडून घट्ट दाबले. रेणू आता खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ, मानेवरचं जावळ, उजवा हात मला दिसत होता.

“पायाशिवाय?” सर म्हणाले.

मी मान हलवली आणि सुरू केलं.

कांडीकडे माझं लक्ष नव्हतं. मोजतही नव्हते. मी फक्त तिच्या हाताकडे बघत होते, आता पडेल, आता पडेल. आणि एक येत होता, त्याच्या वेळेला. चार येत होता. पुन्हा एक. गोड जागा आली, मी तिथं थांबले, चार पाच सहा पूर्ण जाऊ दिले, कारण मला हवं होतं की त्या जागेत तिचा हात पडावा. पडला नाही. पुढची ओळ. पडला नाही. मी शेवटची ओळ पूर्ण केली, समेवर येऊन थांबले, तार माझ्या बोटाखाली थरथरत राहिली. रेणू खिडकीच्या गजावर बसलेल्या चिमणीकडे बघत होती.

“वा!” वसंतसर टाळी वाजवून उठले. “वहिनी, झालं की! पहिल्यापासून आखरीपर्यंत एक ठोका हलला नाही. आज तुम्ही...” मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हात खाली घेतला.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आम्हाला ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नादकाटे, द्यायचे. ठोकून हवेत धरला तर जेमतेम ऐकू येई, दांडी टेबलावर टेकवली की टेबल बोलू लागे. टेबलावर कोपर ठेवलं तर हाडात कळे. हे मी जर्नलमध्ये आकृतीसकट लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. रेणू दिवाणावर बसत होती. दिवाण तिला सांगत होता.

विश्वनाथ आल्यावर मी त्यांना चपला काढण्याआधीच सांगितलं. ते चिडले. “काहीतरीच काय! तालात हात मारणारी मुलगी बहिरी असते का?” आणि दिवाणावर थाप मारून म्हणाले, “रेणू!” रेणू वळली, त्यांना बघून हसली. “हे घे. बघ.”

“दिवाणाला हात लावू नका.”

“म्हणजे?”

“दाराशी जा. ती पाठमोरी आहे तोवर हाक मारा.”

ते दाराशी गेले. हातातला डबा अजून हातातच. “रेणू,” त्यांनी हाक मारली. मग, “रेणूबाई!” ही हाक त्यांची लाडाची, रोज संध्याकाळची. रेणू भिंतीवरच्या उन्हाच्या कवडशाला बोट लावत होती. मग ते ओरडले. इतक्या मोठ्यानं की समोरून इंदुताई धावत बाहेर आल्या, “काय झालं वं?” म्हणून. आमच्या घरात फक्त एकाच माणसाला ते ऐकू आलं नाही. विश्वनाथ दारातच खाली बसले.

मोठ्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर होते. त्यांनी रेणूला माझ्या मांडीवर बसवलं, मला म्हणाले, हलू नका, श्वाससुद्धा बेतानं घ्या. एक बाई समोर खुळखुळा दाखवत होती, डॉक्टर मागे उभे राहून घंटा वाजवत होते, मग डबा, मग शिट्टी. मी माझं अंग दगड करून बसले होते. माझ्याकडून काहीही तिला कळू नये म्हणून. आयुष्यात इतका ताबा मी कशावर ठेवला नव्हता. अगदी शेवटी त्यांनी कानाजवळ मोठा डफ वाजवला तेव्हा रेणूनं डोळे मिचकावले.

“अगदी जाड आवाज, अगदी जवळून, थोडासा,” डॉक्टर म्हणाले. “बाकी नाही. मशीन लावू. बोलायला शिकवता येईल, वेळ लागेल. पण तुम्ही वर्षाच्या आत आणलंत. माझ्याकडे लोक चार-पाच वर्षांची मुलं आणतात, बोलत का नाही म्हणून विचारायला.”

दुसऱ्या दिवशी मी रेणूला घेऊन इतवारीत गेले. सासूबाई गच्चीवर वड्या घालत होत्या. मी सांगितलं. त्यांनी वडीचं पीठ लागलेले हात पदराला पुसले, जे त्या कधी करत नाहीत.

“आई, तुम्हाला कळलं होतं तर उघड का नाही सांगितलंत?”

“सांगतलं नं वं. आणखी कसं सांगू? सूनबाई, तुही पोरगी बहिरी आहे, असं?” त्यांनी पिठाचं पातेलं बाजूला सारलं. “म्या म्हटलं, मायच्या डोळ्यानं दिसलं तं बरं. सासूच्या तोंडून आयकलं तं जन्मभर सासूच दिसन.” त्यांनी रेणूला जवळ ओढलं, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि काहीतरी पुटपुटू लागल्या. रेणू त्यांच्या गळ्याला बोटं लावून एकटक तोंडाकडे बघत राहिली.

खाली उतरले तेव्हा बाजार भरला होता. भांड्यांच्या ओळीतून चालत होते, दोन्हीकडे पितळ ठोकणं सुरू, हातगाड्यांची ओरड, टेंपोचा हॉर्न. कानाला हात लावावा असा गलका. तिथं एका दुकानाच्या दगडी ओट्यावर एक बाई कळशी चिंचेनं घासत बसली होती, आणि तिच्या मागे खुंटीला बांधलेल्या झोळीत एक मूल होतं. जागं होतं. दोन हातांवर पाण्याचा पितळी गुंड ठोकणं चाललेलं, आणि ते मूल झोळीच्या काठाचा दोरा ओढत होतं. हातोडा पडत होता आणि त्या मुलाचे डोळे मिटत नव्हते.

मी थांबले. “किती शांत आहे हो बाळ,” मी म्हटलं.

“लई शांत,” ती म्हणाली. “तरासच नाही देत.”

पुढचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागून हातगाडीवाल्यानं “हटो बाई, हटो” केलं, रेणूला छातीशी धरून मी बाजूला झाले, आणि गर्दीनं मला पुढे नेलं. घरी येऊन झोप लागली नाही. त्या आठवड्यात पुन्हा गेले तर दुकान बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, ते लोक लग्नाला गावाकडे गेले, येतील. त्यानंतर आमचेच दवाखान्याचे फेरे सुरू झाले, मशीनचं माप, शिकवणाऱ्या बाई, रेणूचा ताप. माझं तिकडे जाणं झालं नाही. नाव विचारलं नाही, मुलगा की मुलगी तेही कळलं नाही. सवय असेल कदाचित. ठोकण्याच्या आवाजात जन्मलेलं मूल आहे, सवय असू शकते. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचं इतवारीत जाणं होत असेल, तर भांड्यांच्या ओळीत जा. निळ्या दाराचं दुकान, दगडी ओटा, मागे खुंटीला फुलाफुलांच्या लुगड्याची झोळी. हातोडे जेवणाला थांबतात तोवर उभ्या राहा. ओट्याला टेकू नका, झोळीला हात लावू नका, तुमची सावली त्या मुलावर पडू देऊ नका. त्याच्या मागे जा आणि हाक मारा. वळून बघितलं तर मला भित्री म्हणा आणि एक गडू विकत घेऊन घरी जा. नाही बघितलं, तर तिथून हलू नका. त्याच्या आईशी बोला.